घरच्या नोडवर आरबीएफ मोजून राहिलो, पण ‘आर’चा हिशोब काही जुळत नाही

कूलरखालचा_नोड (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. आरबीएफ म्हणजे रिप्लेस-बाय-फी: पाठवलेलं ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जाण्याआधी जास्त फी लावून दुसऱ्यानं बदलणं. प्रश्न लांब आहे, सवडीनं वाचा.

घरी एक जुना डेस्कटॉप आहे, सीताबर्डीवरून सेकंडहँड घेतलेला. १६ जीबी रॅम, एसएसडी मी वेगळी टाकली. त्यावर उबुंटू आणि बिटकॉइन कोअर २९.१ (बिटकॉइनचा नोड, म्हणजे नेटवर्कमधला एक संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून राहिलो. पूर्ण चेन ठेवायला जागा नाही म्हणून प्रून केलाय, म्हणजे जुने ब्लॉक पुसले जातात. खरेदी-विक्रीशी माझा काही संबंध नाही. बाबा रोज विचारतात, “इन्कम टॅक्सवाले येतील का रे?” त्यांना सांगून थकलो की ३० टक्के कर नफ्यावर आहे, १ टक्का टीडीएस हस्तांतरणावर आहे, आणि आपल्या मशीनवर एक पैसा हलत नाही.

हे सगळं सुरू काऊन केलं ते सांगतो. नंदनवनच्या एका मित्रानं जुनं ग्राफिक्स कार्ड विकलं. घेणारा म्हणाला बिटकॉइन देतो. वॉलेटमध्ये ‘येत आहे’ असं दिसलं, मित्रानं कार्ड हातात दिलं. थोड्या वेळानं ती रक्कम वॉलेटमधून गायब! पाठवणाऱ्यानं जास्त फी लावून तेच पैसे स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर वळवले होते. मिहानमध्ये आमच्या ऑफिसात यावरून वाद झाला. एक जण ठाम म्हणतो की असं हजारात एखादं होत असेल, बाकी सगळे बदल फी वाढवण्यासाठीच असतात. दुसरा म्हणतो, कन्फर्म नसलेल्या (अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या) पैशावर वस्तू देणारा येडाच. मला वाटलं, भांडण्यापेक्षा मोजून पाहू. किती ट्रान्झॅक्शन बदलली जातात, आणि त्यातल्या कितींमध्ये पैसे घेणाराच बदलतो?

तर मी झेडएमक्यूचा (नोडमधल्या घडामोडींचे निरोप स्क्रिप्टला देणारी सोय) सीक्वेन्स टॉपिक ऐकून राहिलो. मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जायची वाट पाहणाऱ्या ट्रान्झॅक्शनांचा नोडकडचा साठा) काही आलं की ‘ए’ येतो, गेलं की ‘आर’ येतो. पायथनची छोटी स्क्रिप्ट आहे, ती ‘आर’ मोजते. आता अडचणी.

दिवसभर आकडे ठीक दिसतात, आणि मग एखाद्या रात्री ‘आर’चा पूर येतो. मिनिटाला इतके की जगातल्या सगळ्या लोकांनी एकदमच फी वाढवली की काय असं वाटावं. दुसरं, ‘आर’ आल्यावर जुनं ट्रान्झॅक्शन मागायला जावं तर नोड म्हणतो, असं काही माझ्याकडे नाही. मग तुलना करू कशाची? तिसरं म्हणजे आपल्याकडची लाइट. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी गेली की कधी येईल त्याचा नेम नाही, आणि कूलर बंद पडला की मशीन पण तापते.

कॉन्फिगमध्ये विशेष काही नाही: प्रून ५५०, मॅक्समेमपूल ५० (मेमपूलची कमाल मर्यादा, एमबीत; एका गाइडमध्ये लहान मशीनसाठी सांगितलं होतं), सीक्वेन्स टॉपिक चालू. मेमपूलफुलआरबीएफ=१ (पाठवणाऱ्यानं आधी जाहीर केलेलं नसलं तरी बदली घ्यायची) पण लिहिलंय.

कोणी हे केलंय का?

पाचपावली_पिंग

भाऊ, कायले इतका ताप करून घेतो? मेमपूल डॉट स्पेसवर आरबीएफचं पान आहे. जुनं-नवं ट्रान्झॅक्शन, फी, सगळी साखळी दिसते. फुल आरबीएफ असेल तर तसा शिक्का पण असतो. तिथून डेटा घे ना बे.

कूलरखालचा_नोड

पाहिलं ते, चांगलं आहे. पण ते त्यांच्या नोडनं काय पाहिलं ते सांगते. माझ्या मित्राचं वॉलेट कुठल्या नोडला विचारत होतं, त्या नोडनं काय ठरवलं, ते तिथं कसं दिसणार? मला नोड काय निर्णय घेतो तेच पाहायचं आहे.

रामदासपेठ_रूट

प्रश्न नीट मांडलाय, म्हणून सविस्तर लिहिते. तीन अडचणी आहेत, पण मूळ एकच: तुमची स्क्रिप्ट ‘गेलं’ आणि ‘बदललं’ यांत फरक करत नाही.

सीक्वेन्स टॉपिकमधला ‘आर’ म्हणजे “ब्लॉकमध्ये जाण्याखेरीज दुसऱ्या कुठल्यातरी कारणानं मेमपूलमधून निघालं”, एवढंच. ब्लॉकमध्ये गेलं तर ‘आर’ येतच नाही, फक्त ब्लॉकचा ‘सी’ येतो. बाकी कारणं बरीच आहेत. ट्रान्झॅक्शन ३३६ तास, म्हणजे दोन आठवडे पडून राहिलं की मुदत संपते. मेमपूल भरला की सर्वांत कमी फीवाली बाहेर फेकली जातात. त्याच इनपुटचं (म्हणजे तेच पैसे खर्च करणारं) दुसरं ट्रान्झॅक्शन थेट ब्लॉकमध्ये आलं की तुमच्याकडचं बाद होतं. रीऑर्गमध्येही (चेनचे शेवटचे ब्लॉक बदलतात तेव्हा) काही निघतात. आणि शेवटी खरी बदली. या सगळ्यांना एकच अक्षर मिळतं, कारण मिळत नाही.

आता तुमचा रात्रीचा पूर. मॅक्समेमपूल ५० वाचलं आणि तिथंच थांबले. डीफॉल्ट ३०० एमबी आहे, आणि ते आकारमान मेमरीतल्या वापराचं असतं, कच्च्या बाइटचं नव्हे, त्यामुळे ५० फार लवकर भरतं. त्यात तुमची आवृत्ती २९.१, तिथपासून रिले फीची (नोडनं ट्रान्झॅक्शन घेऊन पुढे पाठवण्यासाठीची) किमान मर्यादा १ सॅट प्रति व्हीबाइटवरून ०.१ वर आली. सॅट म्हणजे बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग, व्हीबाइट म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आकाराचं एकक. म्हणजे पूर्वी दारातच अडवली जायची ती स्वस्त ट्रान्झॅक्शनं आता आत येतात, डबा भरतो, आणि जरा महागडी आली की तीच बाहेर पडतात. तुम्ही बदली म्हणून मोजताय ती बहुतेक ही हकालपट्टी असणार. खात्री करायची तर पूर आला असताना गेटमेमपूलइन्फो चालवा. वापर मर्यादेला टेकलेला असेल आणि मेमपूलमिनफी ही मिनरिलेटीएक्सफीच्या वर चढलेली असेल, तर उत्तर मिळालं. १६ जीबीच्या मशीनवर ३०० ठेवायला काहीच हरकत नाही. ते गाइड छोट्या बोर्डवाल्यांसाठी असेल.

मेमपूलफुलआरबीएफची ओळ काढून टाका, २९ मध्ये तो पर्यायच राहिलेला नाही. थोडा इतिहास सांगते, कारण तुमच्या मित्राच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. फेब्रुवारी २०१६ च्या ०.१२ आवृत्तीत बिप १२५ (बिटकॉइनच्या सुधारणेचा एक लेखी प्रस्ताव) प्रमाणे ऐच्छिक आरबीएफ आलं: पाठवणारा एखाद्या इनपुटच्या एनसीक्वेन्स या रकान्यात कमाल किमतीपेक्षा किमान २ ने कमी आकडा ठेवून “मी हे बदलू शकतो” असं जाहीर करायचा. तसं जाहीर केलं नसेल तर कोअर नोड आधी आलेल्यालाच धरून बसायचा. डिसेंबर २०२२ मध्ये २४.०.१ आली आणि जाहीर न केलेलंही बदलू देण्याचा पर्याय मिळाला, पण तो बंद अवस्थेत. ऑक्टोबर २०२४ च्या २८.० मध्ये तो आपोआप चालू झाला आणि २९.० मध्ये पर्यायच काढला. तेव्हा “या ट्रान्झॅक्शननं सिग्नल दिलेला नाही, म्हणून सुरक्षित” हा जुना हिशोब आता संपला. काही वॉलेटं अजून तसं सुचवतात, ती कोणती ते इथं लिहीत नाही.

जाता जाता: बिप १२५ च्या मजकुरात कन्फर्म न झालेल्या पालकाचा (ज्याचे पैसे पुढचं ट्रान्झॅक्शन खर्च करतं त्याचा) सिग्नल मुलालाही लागू होतो असं होतं. कोअरच्या कोडमध्ये ते तसं नव्हतंच. २०२१ मध्ये आंत्वान रिआर यांनी ते दाखवून दिलं, सीव्हीई (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला) क्रमांकही मिळाला. नियमाचा कागद आणि चालणारा कोड यांत अंतर असतं. तुम्ही मोजताय ते कोडचं वागणं, म्हणून नोंदीत आवृत्तीचा क्रमांक हवाच.

कारण हवं असेल तर दोन वाटा आहेत. सोपी वाट लॉगची. डीबगमध्ये मेमपूल आणि मेमपूलरेज हे दोन वर्ग चालू करा. पहिल्यात बदली झाल्याची ओळ येते, जुन्या-नव्याच्या आयडी आणि फीसकट. दुसऱ्यात नाकारलेल्यांची कारणं येतात. फाइल फुगते, तेवढं लॉगरोटेट लावून घ्या. चांगली वाट ट्रेसपॉइंटची, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधल्या ठरावीक जागी नोंद देणाऱ्या खुणांची. लिनक्सवर कोअरमध्ये मेमपूलसाठी चार आहेत: अ‍ॅडेड, रिमूव्ह्ड, रिप्लेस्ड, रिजेक्टेड. रिमूव्ह्डमध्ये कारण शब्दात येतं. रिप्लेस्डमध्ये जुन्या आणि नव्या दोन्हींच्या आयडी, आकार, फी आणि जुनं आत कधी आलं ती वेळ मिळते. सोर्सच्या कॉन्ट्रिब फोल्डरात ट्रेसिंगखाली मेमपूल मॉनिटरची पायथन स्क्रिप्ट आयती आहे, तीच वाढवा. बीसीसी हे ट्रेसिंगचं साधन लागेल आणि रूटनं चालवावी लागेल. कंटेनरमध्ये नोड असेल तर डोकेदुखी होते, तुमचा तसा दिसत नाही.

नाकारलेल्यांची नोंद का हवी, ते एका हिशोबानं सांगते. समजा मूळ ट्रान्झॅक्शन २०० व्हीबाइटचं, ५ सॅटच्या दरानं, म्हणजे फी १००० सॅट. त्याच आकाराची बदली आली. नियम असा की नव्यानं जुन्याची पूर्ण फी तर द्यायचीच, वर स्वतःच्या वहनाचा खर्च द्यायचा, म्हणजे आकार गुणिले इन्क्रिमेंटल दर. जुन्या आवृत्त्यांत तो दर १ सॅट, म्हणून किमान १२०० हवेत. तुमच्या २९.१ वर ०.१, म्हणून १०२० पुरे. आता कोणी ११०० सॅटची बदली पाठवली तर तुमचा नोड घेतो, आणि डीफॉल्टवर चालणारा २७ चा नोड “इनसफिशियंट फी” म्हणून परत करतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ‘नेटवर्कनं बदली स्वीकारली’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. कोणत्या नोडनं, ते सांगा.

यावरून पुढचं. तुम्हाला खरोखर नोड कसे वागतात ते पाहायचं असेल तर दोन नोड ठेवा, एक जुना आणि एक नवा, एकाच मशीनवर वेगळ्या डिरेक्टरी आणि वेगळ्या पोर्टवर. दुसऱ्याला पहिल्याच्याच शेपटीला बांधू नका. त्याचे शेजारी त्याचे त्याला शोधू द्या, नाहीतर पहिल्यानं नाकारलेलं दुसऱ्यापर्यंत पोचणारच नाही. दोनदा सिंक करायचं नसेल तर आधी २७ सिंक करा, नीट बंद करा, आणि ती डिरेक्टरी नव्यासाठी नक्कल करा. उलट करू नका: २८ पासून नव्या डिरेक्टरीत ब्लॉकच्या फाइल्स एक्सऑर करून (एका किल्लीनं बाइट बदलून) ठेवतात, जुन्या आवृत्तीला त्या वाचता येत नाहीत. आणि ब्लॉक्सओन्ली (फक्त ब्लॉक घेण्याचा पर्याय) चुकूनही लावू नका, मग पाहायला काही येणारच नाही.

ऑरेंज_ऑप्स

इथेरियमवर हे सोपं पडतं, म्हणून मध्ये बोलतो. तिथं बदली म्हणजे त्याच खात्यातून त्याच नॉन्सचं (खात्याच्या ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक) दुसरं ट्रान्झॅक्शन. गेथमध्ये (इथेरियमचं नोड सॉफ्टवेअर) डीफॉल्ट अट अशी की नव्याची कमाल फी आणि टिप दोन्ही किमान १० टक्क्यांनी जास्त हव्यात. ब्लॉबवाल्यांना (सोबत मोठा डेटा नेणाऱ्यांना) तर दुप्पट. खातं आणि नॉन्स ही जोडी धरून टेबल केलं की झालं, इनपुटची गुंतागुंत नाही. बिटकॉइनवर जोडी लावायची कशी, ते मात्र मलाही वाचायचंय. जुन्या-नव्याची आयडी वेगळी, एका बदलीत अनेक जाऊ शकतात...

रामदासपेठ_रूट

जोडी आउटपॉइंटवर लावायची, म्हणजे कुठल्या आधीच्या ट्रान्झॅक्शनचा कितवा आउटपुट खर्च होतोय त्यावर. प्रत्येक ‘ए’ आला की त्याचे सगळे इनपुट वाचून “हा आउटपॉइंट सध्या अमुक ट्रान्झॅक्शन खर्च करतंय” अशी नोंद ठेवा. नवीन ट्रान्झॅक्शनचा एखादा आउटपॉइंट आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर ती थेट बदली. क्रम असा येतो: आधी जुन्याचा ‘आर’, मग नव्याचा ‘ए’. म्हणून ‘आर’ आल्या आल्या नोंद पुसू नका, थोडा वेळ बाजूला ठेवा.

जुन्याबरोबर त्याची मुलं-नातवंडंही जातात, त्यांचा नव्याशी थेट इनपुट जुळत नाही. ती वेगळ्या रकान्यात मोजा. एका बदलीत एकूण १०० पर्यंत बाहेर काढायची मुभा आहे, तेव्हा एका माणसानं एकदा फी वाढवली आणि तुमच्याकडे डझनभर ‘आर’ आले, हे अगदी शक्य आहे. रिप्लेस्ड ट्रेसपॉइंटही प्रत्येक बाहेर पडलेल्यासाठी वेगळा वाजतो, त्यामुळे तिथंही नव्याच्या आयडीवर गट करावा लागतो.

जुनं ट्रान्झॅक्शन नंतर मागून मिळणार नाही, बरोबर. ते कधी ब्लॉकमध्ये गेलंच नाही, आणि मेमपूलमधून निघालं की आरपीसीला (नोडला आज्ञा द्यायच्या सोयीला) दिसत नाही. उपाय एकच: आत येतानाच कच्चं रूप साठवा. रॉटीएक्स टॉपिक चालू करा. तो मेमपूलमध्ये येताना एकदा आणि ब्लॉकमध्ये जाताना पुन्हा एकदा वाजतो, आयडीवरून दुहेरी नोंद गाळा. दोन आठवड्यांपेक्षा जुनं आणि कन्फर्म झालेलं पुसत राहिलात तर एसएसडी पुरेल.

लाइटचं म्हणाल तर इन्व्हर्टर घ्या, हे मी सांगायला नको. पण मोजणीच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं आहे खंड नोंदवणं. नोड नीट बंद झाला तर मेमपूल फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू होताना परत वाचतो. झटक्यात गेला तर लिहायला वेळ मिळत नाही. मग नोड उठतो तेव्हा त्याला जुनं काही आठवत नाही, आणि बदली आली तरी ती त्याला पहिलीच वाटते. क्रॉनमधून दर काही मिनिटांनी सेव्हमेमपूल चालवा, नुकसान तेवढ्यावर येईल. ‘ए’ आणि ‘आर’सोबत मेमपूलचा चढता क्रमांक येतो, पण ब्लॉकमध्ये गेलेल्यांमुळेही तो पुढे सरकतो; गळती पाहायची ती झेडएमक्यूच्या प्रत्येक निरोपाच्या स्वतःच्या चढत्या क्रमांकात. मध्ये आकडा गळला म्हणजे तुमची स्क्रिप्ट मागे पडली. झेडएमक्यूची रांग डीफॉल्टनं १००० निरोपांची आहे, ती वाढवता येते. गळला की गेटरॉमेमपूल सीक्वेन्ससकट मागवून टेबल पुन्हा जुळवा. रीस्टार्टनंतर हा क्रमांक पहिल्यापासून सुरू होतो. त्याला गळती समजू नका, वेगळं सत्र समजा. आणि परत वाचलेल्या प्रत्येकासाठी ‘ए’ पुन्हा वाजतो, तेही लक्षात असू द्या.

एक गोष्ट कितीही केलं तरी सुटणार नाही. नोड नवीन ट्रान्झॅक्शन लगेच सांगत नाहीत, मुद्दाम यादृच्छिक विलंब लावतात: स्वतःहून जोडलेल्या शेजाऱ्यांना सरासरी २ सेकंद, बाहेरून आलेल्यांना ५. कोणी पाठवून लगेच बदललं तर मूळ तुमच्यापर्यंत येण्याआधीच वाटेत मरतं. तुमच्या टेबलात बदलीच मूळ म्हणून बसते. शेजारी वाढवले तर थोडा फरक पडेल, पण तुमचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच राहणार, एवढं ऑफिसातल्या दोघांनाही सांगा.

कूलरखालचा_नोड

ताई, मॅक्समेमपूल ३०० करून पाहिलं. काल रात्री पूर आलाच नाही! बदल्या येतात त्या सुट्यासुट्या, ‘आर’ आणि पाठोपाठ ‘ए’. ट्रेसिंगची स्क्रिप्ट पण चालली, बीसीसी लावायला थोडी झटापट झाली तेवढीच. इन्व्हर्टरचं बाबांना पटवून राहिलो; नोडसाठी म्हटलं असतं तर नाहीच म्हणाले असते, आईच्या मिक्सरसाठी म्हणून सांगितलं.

आता शेवटचा आणि माझा खरा प्रश्न. जुन्या-नव्याचे आउटपुट समोर ठेवले. फी वाढवली की पैसे वळवले, हे ओळखू कसं? मित्राच्या केसमध्ये त्याचा पत्ता नव्यात नव्हताच. पण काही बदल्यांमध्ये एक पत्ता गायब असतो आणि तितक्याच रकमेचा दुसरा आलेला असतो. हे वळवणं धरायचं का?

रामदासपेठ_रूट

लगेच धरू नका. काही वॉलेटं फी वाढवताना सुटे पैसे परत घेण्याचा पत्ता नवीन बनवतात. त्यात एक पत्ता जातो, दुसरा येतो, रक्कम थोडी कमी होते, आणि पैसे घेणाऱ्याला काहीच फरक पडलेला नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला कुठला आउटपुट सुट्याचा आणि कुठला घेणाऱ्याचा, हे खात्रीनं कळत नाही.

मी चार खण ठेवते. सगळ्या आउटपुटच्या स्क्रिप्ट (म्हणजे पत्ते) जशाच्या तशा, फक्त एका आउटपुटची रक्कम कमी: फीवाढ. जुन्या सगळ्या शाबूत आणि वर नवीन जोडलेल्या: एकत्रीकरण, मोठे पैसे देणारे असं करतात. जुन्यांपैकी एकही नाही, सगळं एकाच नव्या पत्त्यावर: रद्द किंवा वळवलेलं, तुमच्या मित्राची केस इथं येईल. आणि काही आहेत, काही नाहीत: संदिग्ध. हा चौथा खण मोठा असतो, त्याला जबरदस्तीनं दुसऱ्यात ढकलू नका. फीवाढीतही एक फट आहे: पूर्ण शिल्लक पाठवणाऱ्याला एकच आउटपुट असतो, तेव्हा कमी झालेली रक्कम घेणाऱ्याचीच असते. एक आउटपुटवाली म्हणून बाजूला काढा.

तिसऱ्या खणातलं सगळं फसवणूक समजू नका. चुकीच्या पत्त्यावर पाठवलं म्हणून स्वतःकडे परत घेणारेही तिथंच येतात. लाइटनिंगचे (बिटकॉइनवरच्या झटपट देवाणघेवाणीच्या जाळ्याचे) चॅनेल बंद होतानाही दोन्ही बाजू एकाच आउटपुटसाठी झगडतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिप्लेसमेंट सायकलिंगचा हल्ला जाहीर झाला, त्यात तर बदलीच्या बदलीनं समोरच्याचं ट्रान्झॅक्शन वारंवार बाहेर काढतात. तुमच्या टेबलात ते असं दिसेल: एकाच आउटपॉइंटवर मालक पुन्हापुन्हा बदलतो, आणि मध्येच तो कोणाच्याच नावावर नसतो. म्हणून आउटपॉइंटची नोंद बदलताना जुनी पुसू नका, वेळेसह खाली लिहीत जा.

पाचपावली_पिंग

स्क्रिप्ट कुठं टाकून राहिला भाऊ? माझ्याकडे २७ चा नोड अजून अपग्रेड न करता पडला आहे. त्याच्यावर रिजेक्टेडवाला भाग लावतो, आउटपॉइंटवर जुळवून पाहू.

कूलरखालचा_नोड

रविवारी टाकतो. तुझा नोड अपग्रेड करू नको बे तोवर. आणि त्याचं मॅक्समेमपूल किती आहे ते आधी सांग.